बर्फावरचं पब्लिक सेशन: आमची पोरगी जोरात, बाकीचे भिंतीला धरून. चूक कुणाची?

वखारवाला (सांगली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायलाच बसलोय कारण डोक्यातनं जाईना झालंय.

आमची पोरगी तेरा वर्षांची, सहा वर्षं झाली स्केटिंग करतीय. म्हणजे चाकांचं, इनलाइन, एका रांगेत चार चाकं असतात ते. सांगलीत बर्फ म्हणजे रसाच्या गाड्यावर पोत्यात गुंडाळून ठेवतात तो, नाहीतर मासळीवर घालतात तो, त्याच्यावर चालायचा प्रसंग कुणावर आलेला नाही. पण तिच्या सरांनी डोक्यात भरवलं की हिचं वळण चांगलं आहे, बर्फावर शॉर्ट ट्रॅक म्हणून छोट्या गोलातल्या शर्यतीचा प्रकार असतो तो हिला जमेल, एकदा बर्फ दाखवून आणा. दिवाळीत हळदीचा सीझन नसतो, वखारीत पण फार काम नव्हतं, म्हटलं चला, आजीला पण फिरवून आणू. परराज्यातल्या एका मॉलमधलं रिंक, नाव घेत नाही.

रविवार दुपार, पाऊण तासाचं सेशन. काउंटरवर मी मुद्दाम विचारलं की पोरगी स्पर्धेतली आहे, थोडा सराव केला तर चालेल का, तर त्या पोरानं बूट देता देता मान हलवली. आत गेलो तर जत्रा! बारकी पोरं प्लास्टिकच्या पेंग्विनला धरून चाललीत, कॉलेजची टोळकी हातात हात घालून साखळी करून, अर्धी जनता भिंतीला चिकटलेली. पोरगी पहिल्या दहा मिनिटांत सरावली. खाली वाकून, हात पाठीमागे, असली फिरायला लागली की मी काचेतनं बघतच बसलो. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती.

मग ते झालं. एक जोडपं होतं, नवरा उलटा फिरून मोबाईलवर बायकोचं शूटिंग करतोय, दोघांना पण धड उभं राहता येत नाही. पोरगी मागनं आली, ह्यानं ऐन वेळी डावीकडं पाय टाकला, ही त्याला बाहेरून काढायला गेली आणि भिंतीजवळ एक बाई होती तिच्या कोपराला हिचा हात लागला. लागला म्हणजे घासला. ती बाई जी बसली ती बसलीच, मनगट धरून. शिट्टी वाजली, बाईच्या घरचे माझ्यावर, 'ये रेस का मैदान है क्या', आणि तिथल्या माणसानं पोरीला दंडाला धरून बाहेर काढलं. राहिलेली पंचवीस मिनिटं ती बाकावर बूट न काढता बसून होती. तिकीट काय म्हणून फाडलं मग आम्ही?

जानेवारीत परत जायचं म्हणतोय. प्रश्न एवढाच की ज्यांना येत नाही त्यांनी बाजूला राहायचं, का ज्यांना येतंय त्यांनी हळू जायचं? अनुभवी लोकांनी सांगा.

भडंग_जास्त_शेंगदाणे

सांगलीच्या धाग्यावर बर्फ आला, आता वारणेला पेंग्विन यायचा बाकी आहे. बसलोय, भडंग घेऊन. 🍿

इर्विनपूल

इथं धड रस्ते नाहीत, पावसाळ्यात कृष्णामाई घरात येऊन जाते, आणि ह्यांना बर्फावर घसरायचंय. पोरीला कुस्ती शिकवा त्यापेक्षा, मातीत पडलं तर निदान मऊ लागतं.

मिरजकर_टोरांटोत

इर्विनपूल, कुस्तीची माती पण काय गादी नसते हो.

वखारवाले दादा, मी इथं अकरा वर्षं आहे आणि पहिली दोन वर्षं त्या भिंतीला चिकटलेल्या जनतेतलाच होतो, त्यामुळं दोन्ही बाजू माहिती आहेत. इथं महापालिकेचीच रिंकं असतात आणि वेळा वाटून दिलेल्या असतात. एक वेळ सगळ्यांसाठी, पोराबाळांसकट नुसतं फिरायचं. दुसरी वेळ शिनीची, म्हणजे आपल्या गल्ली क्रिकेटसारखी गल्ली हॉकी. फिगर स्केटिंगवाल्यांचा (गिरक्या, उड्या मारतात ते), हॉकीवाल्यांचा खरा सराव आणखी वेगळ्या तासाला, त्याचे पैसे वेगळे. सगळ्यांच्या वेळेत हॉकीची काठी घेऊन आत पाय टाकलात तर लगेच बाहेर.

आणि सगळ्यांच्या वेळेत एक न लिहिलेली वाहतूक असते. सगळे एकाच दिशेनं, बहुतेक करून घड्याळाच्या उलट. भिंतीची कडा शिकणाऱ्यांची. मधला गोल गिरक्या घेणाऱ्यांचा किंवा शिकवणाऱ्यांचा. त्या दोन्हीच्या मध्ये जो पट्टा उरतो तो आपला. आणि आम्ही पुढच्याला आतल्या बाजूनं काढतो, बाहेरनं नाही, कारण बाहेर भिंत आणि भिंतीला माणसं. तुमची पोरगी बाहेरून काढायला गेली असं तुम्हीच लिहिलंय, तिथं मला कुठंतरी टोचलं. रागावू नका.

अजून एक, भाड्याच्या बुटांचं. धार गेलेली असते. बर्फाचं पातं म्हणजे सुरी नव्हे, त्याला खालून बारीक खोलगट नाली असते आणि दोन्ही बाजूला दोन कडा. त्या कडा बोथट झाल्या की बूट बर्फ पकडतच नाही, आडवा घसरतो. शिवाय फिगरच्या बुटाला पुढं दाते असतात. नवीन माणूस चालल्यासारखा पाय टाकतो, दाते बर्फात रुततात, की तोंडावर. मला वाटायचं मीच बावळट, नंतर कळलं की पहिल्या दिवशी सगळ्यांना ते दाते पाडतात.

अवांतर: ओटावाला कालवा गोठतो त्याच्यावर ७.८ किलोमीटरचा रस्ता करतात स्केटिंगला, लोक हापिसला जातात त्यावरनं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फच नीट धरला नाही म्हणून पहिल्यांदाच एक दिवस पण उघडला नाही. इथले लोक सुतक असल्यासारखे फिरत होते.

फोटोपुरती (विश्रामबाग)

मी त्या भिंतीवरची बाई आहे. म्हणजे तीच नव्हे, पण तसली. माझंही ऐका.

आम्ही लग्नानंतर शिमल्याला गेलो होतो. लक्कड बाजाराच्या खाली रिंक आहे, १९२० पासूनचं, आणि तिथं यंत्रानं बर्फ करत नाहीत, रात्री पाणी सोडतात आणि थंडीनं गोठतं. आदल्या दिवशी ढग आले तर सकाळी बर्फ नाही, विषय संपला. दुसऱ्या दिवशी मिळालं. आता माझं काय झालं सांगते. बूट घट्ट बांधले तरी घोटे आत वळतात. जमीन पायाखालून सरकते असं म्हणतो ना आपण, तसं खरंच होतं, फरक इतकाच की तुम्हाला तिथंच उभं राहायचं असतं. लोकरीचे हातमोजे पाच मिनिटांत ओले, मग बोटं बधिर. सगळं लक्ष स्वतःच्या दोन बुटांवर. मागून कोण येतंय ते बघायला मान वळवली तर मानेबरोबर सगळी मी वळते. आणि अशात कोणीतरी कानाजवळून सर्रकन् गेलं ना, की त्याचा हात लागायची गरजच नसते, दचकूनच माणूस बसतो.

तुम्ही लिहिलंय की घासला, लागला नाही. दादा, त्या बाईसाठी ते एकच आहे.

आणि "ज्यांना येत नाही त्यांनी बाजूला राहायचं" म्हणजे कुठं? ती बाजूलाच होती की. भिंतीच्या पलीकडं बाजू नसते. तिकीट तिनंही फाडलेलं.

शिमल्यात एक चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा होता, तिथलाच असणार, वाऱ्यासारखा फिरत होता. पण माझ्याजवळ आला की लांबूनच आवाज द्यायचा आणि हळू व्हायचा. शेवटी त्यानंच शिकवलं, पावलं व्ही करा, गुडघे वाका, खाली बघू नका. नवऱ्याला नाही सुचलं ते. 😄

वखारवाला

ताई, तुमचं पटतंय, पण थोडं आमचं पण बघा. ती काही मस्ती करत नव्हती. सहा वर्षं रोज पहाटे साडेपाचला उठून रिंकवर जाती, थंडीत, परीक्षेत, नवरात्रात सुद्धा. तो मोबाईलवाला मात्र मजेत, त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. उलटा चाललेला तो, आणि शिक्षा हिला. ह्यात न्याय कुठाय? येणाऱ्यानंच दर वेळी पड खायची का?

चारभिंती

काकांना माझा फुल सपोर्ट. मी मूळ सातारचा, नोकरीला बाहेर आहे, रविवारी आईस हॉकी खेळतो (खेळतो म्हणजे पडतो). पब्लिकला सगळी सहानुभूती असते आणि आमचं दुःख कोणी विचारत नाही म्हणून लिहितोच.

एक, हातात हात घालून पाच जणांची साखळी. त्यातला एक गेला की पाच जातात आणि बर्फावर पाच माणसांचा ढीग म्हणजे दहा पाती वर आलेली, त्यातनं कोणाच्या गालावर काय येईल सांगता येत नाही. दोन, भर वाहतुकीत थांबून खाली बसून नाडी बांधणारे. अरे बाबा, पोवई नाक्यावर मधोमध बसून चप्पल दुरुस्त करतोस का? तीन, दाराकडं जायचं म्हणून सगळ्यांच्या समोरून आडवे निघणारे, डावीकडं ना उजवीकडं बघत. चार, मोबाईल. पाच, ज्यांची पोरं आत आणि आई-बाप बाहेर कॉफी पितात ते. सहा, सात, आठ आहेत, बॉस आला.

बाकी पडायचंच म्हणाल तर २००२ च्या ऑलिंपिकमध्ये, सॉल्ट लेक सिटीला, शॉर्ट ट्रॅकच्या १००० मीटर फायनलला शेवटच्या वळणावर पुढचे चारही जण एकमेकांत अडकून पडले आणि सगळ्यात मागं असलेला ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी उभ्या उभ्या येऊन गोल्ड घेऊन गेला. जगातले सगळ्यात भारी लोक, भिंतीला गाद्या, समोर एकही पेंग्विन नाही, तरी पडले.

सातारची_कोचताई

चारभिंती, नाडीवाल्यांवर पूर्ण सहमत. 😂

वखारवाले दादा, मी साताऱ्यात पोरांना स्केटिंग शिकवते, बारा वर्षं झाली. तुमचा धागा सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात होता. एकच विचारते, आणि हे तुम्ही पोरीलाच विचारा, तुमच्या अंदाजानं उत्तर देऊ नका. त्या दिवशी बर्फावर ती थांबत कशी होती?

का विचारतेय ते सांगते. चाकांवर आपली पोरं थांबतात दोन-तीन प्रकारे. मागचा पाय आडवा करून टी लावतात आणि चाक घासत घासत वेग मारतात, नाहीतर पाय फाकवून टाचा बाहेर ढकलून नांगर करतात, आणि जागा असेल तर नुसतंच मोठं वळण घेऊन वेग जिरवतात. स्पीडच्या बुटाला मागं ब्रेक नसतो. बर्फावर खरं थांबणं वेगळं. दोन्ही पाती एकदम आडवी करायची, गुडघ्यात बसायचं, आणि कडेनं बर्फ खरवडायचा, फस्स करून पांढरा भुगा उडतो बघा टीव्हीवर. चाक आडवं असं घसरत नाही, ते रबरासारखं प्लास्टिक आहे, ते पकडतं. म्हणजे आपल्या पोरांच्या पायाला ही हालचाल माहितीच नसते. उलट सहा वर्षं "आडवं गेलं की पडलो" हेच पायाला शिकवलेलं असतं.

पुढं जायचं मात्र लगेच जमतं. ढकलणं तेच, वाकणं तेच, डावीकडं वळताना पायावरून पाय टाकायचा तो क्रॉस तोच, आपल्याकडंही घड्याळाच्या उलटच फिरतात. म्हणून दहा मिनिटांत पोरगी उडायला लागली आणि तुमची छाती फुगली, ते बरोबरच आहे. पण भाड्याचं हॉकीचं पातं आखूड आणि खालून जरा कमानीसारखं असतं, आपला स्पीडचा बूट लांब आणि सरळ. पुढं-मागं तोल वेगळा. थकल्यावर ते कळतं.

थोडा हिशोब करा. पोरगी ताशी २५ किलोमीटरनं चालली असेल, आपल्या पोरांना हे काही जास्त नाही, तर सेकंदाला सात मीटर. समोरच्यानं पाय टाकला, तिला दिसलं, डोक्यात गेलं, पाय हलला, ह्यात एक सेकंद धरा. ऑलिंपिकच्या मापाचं रिंक ६० बाय ३० मीटर असतं आणि मॉलमधलं बहुतेक त्याच्यापेक्षा बरंच लहान. सात मीटरमध्ये तिथं किती माणसं उभी होती?

म्हणजे दादा, त्या रिंकवर नवशिके शंभर होते असं तुम्ही समजताय. मला वाटतं एकशे एक होते, आणि त्यातली एक लई जोरात होती.

भडंग_जास्त_शेंगदाणे

ताईंनी एका वाक्यात वखार रिकामी केली.

हाडवैद्य_मिरज

चर्चा चालू द्या, मध्ये थोडं माझ्या धंद्याचं. पडताना माणूस हात पुढे टाकतो, तळवा टेकतो, सगळं वजन मनगटावर, आणि कोपराखालच्या हाताचं हाड मनगटाजवळ मोडतं. आमच्याकडं पावसाळ्यात बाथरूममध्ये पडलेल्या आज्ज्या येतात, तेच फ्रॅक्चर. त्या बाईंचं नुसतं मुरगळलं असेल तर नशीब. पोरीला त्यांचं नंतर काय झालं ते माहीत आहे का?

शिकायचं असेल तर आधी पडायला शिका. तोल जातोय वाटलं की उभं राहायची धडपड करू नका, गुडघे वाकवा, खाली बसा आणि एका कुशीवर, मांडीवर जा. मागं सरळ पडलात तर डोकं आपटतं, म्हणून लहान मुलांना हेल्मेट हवंच, मोठ्यांनाही लाज वाटू नये. पडलात की मुठी आवळा, बोटं पसरून बर्फावर टेकू नका, मागून येणाऱ्याचं पातं बोटावरून जाऊ शकतं. मग चार पायांवर या, एक गुडघा वर, त्यावर हात, उठा. ओढून उठवायला जाऊ नका कुणाला, दोघं पडता.

इर्विनपूल

डॉक्टरांनी पण पडायलाच शिकवलं. मी काय वेगळं म्हणत होतो? एवढा खटाटोप करून देशाला काय मिळणार ते सांगा.

चारभिंती

इर्विनपूल भाऊ, २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये चाकांवरच्या ३००० मीटर रिलेला आपल्या पोरांनी पण ब्राँझ घेतलं आणि पोरींनी पण. पोरांच्या रेसमध्ये तर मज्जाच झाली, कोरियावाला जिंकलोच म्हणून रेषेच्या आधी हात वर करून उठला आणि तैवानवाल्यानं मागनं पाय लांबवला, ०.०१ सेकंदानं गोल्ड गेलं. आणि २०२५ मध्ये तमिळनाडूचा आनंदकुमार वेलकुमार १००० मीटरला वर्ल्ड चॅम्पियन झाला, सिनियर गटात आपला पहिलाच. चाकांवरून बर्फावर जाऊन मेडलं घेणारे पण आहेत, अमेरिकेचा अपोलो ओनो सुरुवातीला इनलाइनचाच.

कुस्ती पण भारीच. वाद नाही.

वखारवाला

काल दिवसभर काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं.

कोचताई, तुम्ही म्हणालात तसं पोरीला विचारलं. रात्री जेवताना, सहज विचारल्यासारखं. तर मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडत बसली. मग म्हणाली, "बाबा, मला थांबताच येत नव्हतं. मी दर वेळी भिंतीला धडकून थांबत होते." मी म्हटलं मग मला का नाही सांगितलंस, तर म्हणाली तुम्ही काचेतनं शूटिंग करत होतात ना.

मोबाईलवाला एकच नव्हता तिथं.

मग ते शूटिंग परत लावून बघितलं. आधी दहा वेळा बघितलेलं, नातेवाईकांना पाठवलेलं. ह्या वेळी तिचे पाय नाही बघितले, हात बघितले. प्रत्येक फेरीत त्या कोपऱ्यात येते आणि दोन्ही हात पुढं करून भिंत घेते, टप्पकन्. आणि त्या बाई तिथंच उभ्या होत्या, पहिल्यापासून, हिच्या त्या कोपऱ्यात. तो मोबाईलवाला मध्ये आलाच नसता तरी दोन फेऱ्यांनी काय झालं असतं मला कळायचं राहिलं नाही.

डॉक्टर, त्या बाईंचं नंतर काय झालं माहिती नाही. आम्ही नंबर घेतला नाही. भांडणात राहूनच गेलं. पोरगी मात्र रोज विचारती की त्यांचा हात मोडला असेल का.

तरी काउंटरवरच्या पोरानं मान हलवायला नको होती, हे माझं अजून पण आहे. आणि दंडाला धरून काढायला नको होतं.

फोटोपुरती (विश्रामबाग)

दादा, दंडाला धरायला नकोच होतं. ते चूकच. पोरीला सांगा, भिंतीवरच्या एका बाईनं विचारलंय तिला.

मिरजकर_टोरांटोत

दादा, मोठं मन लागतं हो असं लिहायला. इथं पिवळ्या, नाहीतर भडक जाकिटातली माणसं बर्फावरच फिरत असतात, जोरात जाणाऱ्याला पहिल्या फेरीलाच हळू करतात, पंधराव्या फेरीपर्यंत थांबत नाहीत. तिथं तसं कोणी आत नव्हतं हे रिंकवाल्यांचंच चुकलं. तेवढं तुमचं बरोबर.

जानेवारीत जाणार असाल तर रविवार सोडा. आडवारी, सकाळचं पहिलं सेशन. गर्दी नसते हे एक, आणि बर्फ ताजा असतो हे दुसरं. झॅम्बोनी म्हणून गाडी असते, कॅलिफोर्नियाच्या फ्रँक झॅम्बोनीनं १९४९ मध्ये बनवली, ती वरचा चरा पडलेला थर खरवडून घेते, धुते आणि गरम पाण्याचा पातळ हात मारत जाते, ते गोठलं की आरसा. गरम पाणी कशाला असं मी पण विचारलं होतं, तर खालचा बर्फ किंचित वितळून नवा थर एकजीव होतो म्हणे. सारवण घातल्यासारखं, आईच्या भाषेत. रविवारी दुपारी तोच बर्फ म्हणजे नांगरलेलं रान, त्यात येणारा पण अडखळतो.

सातारची_कोचताई

आणि दादा, आधी रिंकला फोन करून विचारा की सरावासाठी वेगळा तास मिळतो का, पाच-सहा पोरं मिळून भाडं वाटून घेता येतं. सांगली, सातारा, कोल्हापूर मिळून तेवढी पोरं निघतील, माझ्याकडच्याच दोघी मागं लागल्यात. डेहराडूनला २०११ च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी पूर्ण मापाचं रिंक बांधलेलं, ते बरीच वर्षं बंद पडून होतं, २०२५ मध्ये परत चालू झालं आणि तिथं शॉर्ट ट्रॅकची एशियन स्पर्धाही झाली. शॉर्ट ट्रॅकची एक फेरी म्हणजे १११.१२ मीटर, तेवढी जागा लागते, आणि स्पर्धेला कडेनं जाड गाद्या लावतात. मॉलमध्ये कडक फळी असते. तिथं शॉर्ट ट्रॅकसारखं पळायचंच नाही, माझं स्पष्ट मत आहे. तिथं फक्त थांबायला शिकायचं.

म्हणजे पहिले तीन दिवस असे घालवा. भिंत धरून एक पाय नुसता बाहेर ढकलायचा, बर्फ खरवडला जाईपर्यंत. भुगा पडला पाहिजे, भुगा नाही पडला तर फक्त पाय फाकला. मग हळू चालत येऊन एका पायानं तेच. मग दुसऱ्या. मग दोन्ही. पोरीला कंटाळा येईल, रडेल पण, कारण शेजारी पेंग्विन धरलेलं बारकं तिच्यापेक्षा पुढं गेलेलं असेल. येऊ दे कंटाळा.

माझ्याकडं संध्याकाळी सिमेंटच्या रिंकवर हेच चालतं. आजोबा मंडळी चालायला येतात, कुणाचं नातवंड तिनचाकी घेऊन आत शिरतं, आणि माझी मोठी पोरं कुरकुरतात की ताई ह्यांना सांगा ना. मी खडूनं दोन पट्टे ओढते, आत बारकी, बाहेर मोठी, आणि आजोबांना विनंती करते की उलट्या दिशेनं नका येऊ. ऐकतात. एक आहेत ते नाही ऐकत, त्यांच्यासाठी आम्ही सगळे मिळून थांबतो. 😀

वखारवाला

ताई, तुमच्या दोघी आणि आमची, तीन झाल्या. सरांशी बोललोय, ते दोन पोरं अजून देतो म्हणालेत. तुमचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा.

आता एक व्यावहारिक. हातमोजे. मारुती रोडला दोन दुकानं फिरलो, लोकरीचे आहेत नाहीतर बाईकचे. फोटोपुरती ताई म्हणाल्या लोकरीचे भिजतात. बाईकचे घेऊ का? पोरीचे हात बारके आहेत, सगळे ढगळ होतायत.

मिरजकर_टोरांटोत

लोकरीचे नकोच. बाईकचे चालतील पण घट्ट हवेत, ढगळ असले तर पडल्यावर निघून जातात. शॉर्ट ट्रॅकवाले न कापणारे घालतात, मागच्याचं पातं लागू नये म्हणून, आणि डाव्या मोज्याच्या बोटांच्या टोकांना कडक टोप्या असतात, वळणावर डावा हात बर्फाला टेकवत जातात त्यासाठी. कापड असलं तर बर्फाला अडकतं, कडक असलं की घसरतं. बरेच जण घरीच करतात म्हणे, इपॉक्सी लावून.

भडंग_जास्त_शेंगदाणे

इपॉक्सी म्हणजे आपलं एमसीलच की! काका, टाकीची गळती थांबवायला आणलेलं असंल ना घरात.

वखारवाला

आहे. पण अर्धी कांडी कडक झालीय. नवीन आणतो.